अठरा होलचा हिशेब: गोल्फ अ‍ॅपमधले आकडे वाचायचे कसे

राउंड संपतो, चौघं टेबलाभोवती बसतात, लिंबू सरबत येतं आणि कोणीतरी म्हणतंच, "आज पटिंगने घात केला." पुण्यात मी गोल्फ शिकले तेव्हापासून हे वाक्य ऐकते आहे. कितीतरी वर्षं मीही हेच म्हणत होते, आणि मनापासून म्हणत होते. मग ओळीने दहा-बारा राउंड अ‍ॅपमध्ये नीट नोंदवले. त्यात दिसलं ते वेगळंच. माझे स्ट्रोक (फटके) ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, वाया जात नव्हतेच. ते जात होते ग्रीनच्या अलीकडे, १२० ते १५० यार्डांवरून मारलेल्या शॉटमध्ये.

असं का होतं ते समजायला सोपं आहे. हुकलेला पट (ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवणारा फटका) सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हुकतो. होलच्या काठावरून बॉल वळतो, बरोबरचे तिघं "अरेरे" म्हणतात आणि ते मनात बसतं. आयर्नचा शॉट सरळ गेला पण ग्रीनच्या पंधरा यार्ड अलीकडे पडला, तर "चांगला होता, थोडा कमी पडला" म्हणून आपण पुढे चालू लागतो. स्कोअरकार्ड एकूण किती लागले तेवढं सांगतं. कुठे लागले हे त्यात नसतं, आणि आठवणीवर भरवसा ठेवावा तर ती नेहमी शेवटच्या शॉटकडे झुकते. अ‍ॅपचा उपयोग या एका गोष्टीसाठी आहे. ज्यांनी ते नुकतंच फोनमध्ये घेतलं आहे, किंवा घेऊनही पहिल्या दोन राउंडनंतर उघडलंच नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

अ‍ॅप कोणतं?

गोल्फशॉट, होल१९, १८बर्डीज, द ग्रिंट, गोल्फ पॅड ही अ‍ॅप नुसत्या फोनवर चालतात. गार्मिन आणि शॉट स्कोपचं घड्याळ मनगटावर असतं. अर्कोसचे सेन्सर प्रत्येक क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) ग्रिपच्या टोकाला बसवतात आणि शॉट आपोआप नोंदले जातात. नव्या माणसाने लगेच सेन्सरवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. आधी फोनवर हाताने नोंद करत पाच राउंड खेळा. नोंदीची सवय लागते की नाही हे तेवढ्यात कळतं, आणि सवय लागली नाही तर महागडे सेन्सरही ती लावत नाहीत. बऱ्याच अ‍ॅपमध्ये खोलातलं विश्लेषण पैसे भरल्यावरच उघडतं. पण पहिल्या महिन्यात लागणारे आकडे फुकटातही मिळतात.

निवडण्यापूर्वी एक मात्र तपासा: तुम्ही नेहमी खेळता तो कोर्स त्यात आहे का, आणि त्याचा नकाशा आजचा आहे का. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी, खारघर व्हॅली असे कोर्स शोधून पाहा. एखादा होल उघडा आणि ग्रीन, बंकर (वाळूचे खड्डे), पाणी जिथे असायला हवं तिथे आहे ना, ते उपग्रहाच्या चित्रावर बघा. होलची फेररचना झाली असेल आणि अ‍ॅपमध्ये जुनीच आखणी असेल, तर पुढचे सगळे आकडे वाकडे येतील.

पहिल्या टीवर जाण्याआधी

घरीच दहा मिनिटं काढा. आधी बॅग भरा, म्हणजे अ‍ॅपमधली. नियमाने जास्तीत जास्त चौदा क्लब नेता येतात. तुमच्याकडे खरोखर असलेले तेवढेच क्लब तिथे ठेवा. न वापरले जाणारे क्लब यादीत राहिले की घाईत बोट चुकीच्या नावावर पडतं.

अंतर यार्डात ठेवा. आपल्याकडे कोर्सवरच्या खुणा बहुतेक यार्डात असतात आणि कॅडीही यार्डातच बोलतात. पटचं अंतर मात्र फुटांत.

टीचा, म्हणजे होल जिथून सुरू करतात त्या जागेचा, रंग नीट निवडा. तुम्ही पांढऱ्या टीवरून खेळलात आणि अ‍ॅपमध्ये निळी राहिली, तर प्रत्येक होलची लांबी चुकते आणि ड्राइव्हचा (टीवरून मारलेल्या लांब शॉटचा) हिशेबही बिघडतो. ही चूक फार जणांकडून होते, आणि राउंड संपल्यावर ती सहज डोळ्यांत येत नाही.

शेवटचं, तुलना कोणाशी करायची हे ठरवा. काही अ‍ॅप थेट व्यावसायिक खेळाडूंशी तुलना करतात, काही स्क्रॅच म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूशी, तर काहींत आपलं लक्ष्य आपण निवडू शकतो. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या पातळीचा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला. तुमचं हँडिकॅप २४ असेल तर लक्ष्य १८ ठेवा. व्यावसायिकांशी तुलना केलीत तर सगळे रकाने लाल दिसतील, आणि सगळंच लाल असलं की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही.

खेळताना किती नोंदवायचं

थोडकंच. नियमांत एका शॉटसाठी चाळीस सेकंदांची शिफारस आहे, आणि मागे दुसरा गट उभा असतो. बॉलजवळ पोचलात की मारण्याआधी तिथेच उभं राहून जागा नोंदवा, क्लब निवडा, फोन खिशात टाका, मग खेळा. मारून झाल्यावर नोंदवू म्हटलं की तुम्ही चार पावलं पुढे गेलेले असता आणि मन पुढच्या शॉटमध्ये असतं.

ग्रीनवर गोष्ट वेगळी. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत चुकू शकतं. दीडशे यार्डांच्या शॉटला पाच मीटर चालून जातात, पण बारा फुटांच्या पटला तीच चूक पटपेक्षाही मोठी होते. म्हणून पहिल्या पटचं अंतर पावलांनी मोजा आणि हाताने भरा. घरी फरशीवर टेप टाकून आपलं एक पाऊल किती फुटांचं आहे ते एकदा मोजून ठेवा. लाइन बघायला आपण बॉलपासून होलपर्यंत चालतोच, तेव्हाच पावलं मोजून होतात.

दंडाचा स्ट्रोक लागला तर तो त्याच क्षणी टाका. पाण्यात गेलेला बॉल, आउट ऑफ बाउंड्स म्हणजे हद्दीबाहेर गेलेला बॉल, झुडपात अडकला म्हणून दंड घेऊन उचललेला बॉल. अ‍ॅपला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त जागा बदललेली दिसते.

सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं

राउंड 'सेव्ह' केला की काम झालं असं वाटतं. खरं काम तिथून सुरू होतं. बूट काढण्याआधी, अठरावा होल डोळ्यांसमोर ताजा असताना, राउंड दुरुस्तीसाठी उघडा आणि एकेक होल तपासा. रात्री घरी गेल्यावर सातव्या होलवर सहा नंबर मारला होता की सात, हे आठवत नाही. मी हे अनुभवाने सांगते. एकदा तीन राउंडच्या दुरुस्त्या एकदम करायला बसले आणि शेवटी तिन्ही पुसून टाकावे लागले.

तपासताना आधी प्रत्येक होलचा स्कोअर कागदी कार्डाशी ताडून बघा. फरक निघाला तर बहुधा दोनच कारणं असतात. एक, राहून गेलेला दंडाचा स्ट्रोक. दुसरं, गिमी. मित्रांनी "दिला" म्हणून तुम्ही दोन फुटांवरचा बॉल उचललात, पण अ‍ॅपमध्ये तो पट पडलाच नाही, म्हणजे आधीचाच पट होलमध्ये गेला असं त्याला वाटतं. असे चार गिमी एका राउंडमध्ये सुटले की तुमचं पटिंग कागदावर फारच सुंदर दिसतं. आणि आपल्याला खरं काय ते कळावं म्हणून तर हा खटाटोप. उचललेला प्रत्येक बॉल एक पट म्हणून टाका.

मग होलची जागा बघा. अ‍ॅप बहुधा झेंडा ग्रीनच्या मधोमध धरतं. त्या दिवशी होल मागच्या कोपऱ्यात असेल तर बोटाने झेंडा तिकडे सरकवा. मोठ्या ग्रीनवर पुढचा आणि मागचा झेंडा यांत वीस-पंचवीस यार्डांचा फरक सहज पडतो, म्हणजे दोन क्लबांचा.

शेवटी शॉट कुठून मारला ते तपासा: फेअरवे (कापलेल्या गवताचा मधला पट्टा), रफ (त्याबाहेरचं वाढलेलं गवत) की बंकर. नकाशावर फेअरवेची कड ठळक दिसते, पण पावसाळ्यात गवत वाढलं की प्रत्यक्षातली कड आत सरकते. नकाशा फेअरवे म्हणत असला आणि तुमचा बॉल घोट्याएवढ्या गवतात असला, तर रफ लिहा.

ही साफसफाई कंटाळवाणी आहे हे खरं. तरी एकच गोष्ट करायची तर मी हीच करा म्हणेन. चुकीच्या नोंदींवर आधारलेला आलेख दिसायला बरोबर नोंदींच्या आलेखाइतकाच छान असतो, म्हणून तर तो फसवतो.

आता आकडे

पहिल्या पडद्यावर तीन-चार टक्केवाऱ्या दिसतात.

फेअरवे: टीवरून मारलेला बॉल फेअरवेवर किती वेळा थांबला. पार म्हणजे होलसाठी ठरवलेले स्ट्रोक. पार ३ यात धरत नाहीत, म्हणून साधारण चौदा होलचा हिशेब असतो.

जीआयआर, म्हणजे ग्रीन इन रेग्युलेशन: पारपेक्षा दोन स्ट्रोक हातात राखून ग्रीनवर पोचणं. पार ४ ला दुसऱ्या शॉटला, पार ५ ला तिसऱ्या, पार ३ ला पहिल्याच.

स्क्रॅम्बलिंग: ग्रीन हुकूनही पार किंवा त्याहून चांगला स्कोअर किती वेळा वाचवला.

आणि एकूण पट. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि सगळ्यांत जास्त दिशाभूल हाच करतो. दिवसभर ग्रीन हुकले, चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा शॉट) करून बॉल बऱ्याचदा चार-चार फुटांवर आणला आणि तेवढे होल एकेका पटमध्ये संपवले, तर पट होतात २८. दुसऱ्या दिवशी दहा ग्रीन साधले, पण प्रत्येक वेळी चाळीस फुटांवरून दोन पट लागले, तर होतात ३४. दुसऱ्या दिवसाचा गोल्फ चांगला होता, आणि पटिंगही वाईट नव्हतं. पटची नुसती संख्या बघू नका. पहिला पट किती फुटांवरून होता हे शेजारी नसेल तर त्या संख्येला अर्थ नाही.

इथेच स्ट्रोक्स गेन्ड कामाला येतं. नाव जड वाटतं, पण हिशेब किराणा दुकानाच्या वहीइतका सोपा आहे. तो मांडला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी. अमेरिकेच्या पीजीए टूरवर, म्हणजे व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेत, प्रत्येक शॉटची जागा मोजली जाते. त्या नोंदींवरून अमुक अंतरावरून होल संपवायला सरासरी किती स्ट्रोक लागतात, याची कोष्टकं त्यांनी बनवली. टूरने २०११ मध्ये पटिंगसाठी ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. आज बहुतेक चांगल्या अ‍ॅपच्या पोटात हीच कल्पना आहे.

आमच्या गटातल्या एका मित्राचा एक होल घेऊ. पार ४, ४०० यार्ड. टूरच्या खेळाडूंना असा होल संपवायला सरासरी ३.९९ स्ट्रोक लागतात.

त्याचा ड्राइव्ह २४० यार्ड गेला, फेअरवेच्या मधोमध. उरले १६० यार्ड. तिथून सरासरी २.९८. म्हणजे ३.९९ वरून तो २.९८ वर आला आणि त्यासाठी एक स्ट्रोक खर्च झाला. ३.९९ वजा २.९८ वजा १ म्हणजे ०.०१. ड्राइव्हने कमावलं नाही, गमावलंही नाही.

दुसरा शॉट कमी पडला आणि होलपासून २० यार्डांवर रफमध्ये थांबला. तिथली सरासरी २.५९. २.९८ वजा २.५९ वजा १ म्हणजे उणे ०.६१.

चिप दहा फुटांवर आली. दहा फुटांवरून सरासरी १.६१. हिशेब उणे ०.०२, म्हणजे चिप टूरच्या सरासरीइतकीच होती.

दहा फुटांचा पट हुकला आणि तीन फूट पुढे गेला. तीन फुटांवरून सरासरी १.०४. १.६१ वजा १.०४ वजा १ म्हणजे उणे ०.४३. शेवटचा तीन फुटांचा पट पडला, अधिक ०.०४.

सगळं मिळून उणे १.०१. पाच स्ट्रोक, म्हणजे बोगी, पारपेक्षा एक जास्त. ग्रीनवरून उतरताना मित्र म्हणाला, "पट गेला असता तर पार होता." खरंच आहे ते. पण दहा फुटांवरून टूरचे खेळाडूही दहापैकी सहा वेळा हुकतात. त्यांचं बरोबर निम्म्या वेळा जातं ते आठ फुटांवरून. त्या होलवर सगळ्यांत जास्त नुकसान केलं ते १६० यार्डांवरच्या आयर्नने, आणि त्याचा उल्लेखही झाला नाही.

तुमच्या अ‍ॅपमधलं कोष्टक वेगळ्या लक्ष्यावर लावलेलं असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील. एक होल असा कागदावर स्वतः सोडवून बघा. नंतर अ‍ॅपमध्ये 'अ‍ॅप्रोच: उणे २.३' दिसलं की त्यामागे काय आहे ते कळतं.

चार कप्पे

अ‍ॅप हे गणित चार भागांत वाटतं: टी, अ‍ॅप्रोच, शॉर्ट गेम, पटिंग. ज्या कप्प्यात सर्वांत मोठा उणे आकडा आहे तिथे आधी जा, बाकीचे त्या दिवशी उघडू नका. ब्रॉडी यांच्याच अभ्यासात दिसलं की उत्तम आणि सामान्य खेळाडूंमधला सुमारे दोन तृतीयांश फरक १०० यार्डांबाहेरच्या शॉटमधून येतो. म्हणून पहिल्यांदा बघाल तेव्हा अ‍ॅप्रोच किंवा टीचा कप्पा लाल निघण्याची शक्यता जास्त.

टीच्या कप्प्यात फेअरवेच्या टक्केवारीवर अडकू नका. फेअरवेपासून दोन यार्डांवर हलक्या गवतात पडलेला बॉल आणि आउट ऑफ बाउंड्स गेलेला बॉल, टक्केवारीत दोघंही सारखेच 'हुकलेले'. त्याऐवजी दंड किती लागले आणि झाडांमागून बॉल नुसता बाहेर काढावा लागला असं किती वेळा झालं, ते मोजा. एका राउंडमध्ये असे तीन प्रसंग असतील तर ड्रायव्हर दहा यार्ड लांब मारण्यापेक्षा ते तीन कमी करण्यात जास्त मिळकत आहे. बॉल एकाच बाजूला जातो की दोन्हीकडे पांगतो, तेही बघा. सतत उजवीकडे जात असेल तर नेम डावीकडे धरून खेळता येतं.

अ‍ॅप्रोचमध्ये एक चित्र असतं: मध्ये ग्रीन, भोवती ठिपके. माझं चित्र पहिल्यांदा उघडलं तेव्हा ठिपक्यांचा घोस जवळजवळ सगळा खालच्या बाजूला, ग्रीनच्या अलीकडे होता. डावं-उजवं ठीक. म्हणजे स्विंगमध्ये मोठा दोष नव्हता, क्लबच चुकीचा निवडला जात होता. मग क्लबांची अंतरं उघडली. सात नंबर आयर्न १३० जातो असं मी मनात धरलं होतं (आयर्नचा नंबर जितका लहान, तितका बॉल लांब). अ‍ॅपमध्ये नेहमीचा शॉट ११८ होता. १३० गेलेले दोन-तीन होते, सगळे उन्हाळ्यातले, कडक फेअरवेवर घरंगळत गेलेले.

आमचे कॅडीमामा हे कधीपासून सांगत होते. "मॅडम, सात नको, सहा घ्या." मी म्हणायची, "मामा, सात पुरतो हो." ते काही न बोलता सात काढून द्यायचे. आकडे बघितल्यावर पुढच्या रविवारी मी त्यांना फोन दाखवला. त्यांनी चष्मा लावून ठिपके बघितले आणि म्हणाले, "बरोबर आहे. बॉल अलीकडे पडतो, तुम्ही झेंडा बघून मारता. मागची कड बघून मारा." गेल्या वर्षभरात मला मिळालेला सर्वांत उपयोगाचा सल्ला हाच आहे. कॅडी असेल तर त्यांना आकडे जरूर दाखवा. त्यांनी तुमचे शेकडो शॉट मागे उभं राहून पाहिलेले असतात.

क्लबच्या अंतराबद्दल आणखी एक. नुसती सरासरी घेऊ नका. जमिनीत मारलेले आणि टॉप केलेले (बॉलच्या वरच्या भागाला लागलेले) शॉट तिला खाली ओढतात. अ‍ॅपमध्ये 'नेहमीचं अंतर' किंवा वाईट शॉट वगळून काढलेलं अंतर मिळत असेल तर ते वापरा. सर्वांत लांब गेलेला शॉट मात्र विसरून जा.

शॉर्ट गेममध्ये जीपीएसच्या चुकीमुळे आकडे डळमळीत असतात. इथे मी एवढंच बघते: चिप मारल्यावर बॉल ग्रीनवर राहिला का, आणि पुढचा पट सहा फुटांच्या आत होता का. एका चिपऐवजी दोन चिप लागल्या असं राउंडमध्ये किती वेळा झालं हे मोजलंत तरी पुरे.

पटिंगमध्ये अंतराप्रमाणे तीन गट करा. पाच फुटांच्या आत, पाच ते वीस, आणि वीसच्या पुढे. मधल्या गटात हुकलेल्या पटवरून वाईट वाटून घेऊ नका, तिथे सगळेच हुकतात. पहिल्या गटात किती हुकले आणि तिसऱ्या गटात तीन पट किती वेळा लागले, हे दोनच आकडे महत्त्वाचे. ३० फुटांवरून टूरच्या खेळाडूंनाही सरासरी जवळपास दोन पट लागतात, म्हणजे तिथून दोन पट लागले तर काही बिघडलं नाही.

एका राउंडवरून काही ठरवू नका

चौदा फेअरवेंपैकी आज पाच साधले, गेल्या रविवारी नऊ. वाटतं, काहीतरी मोडलं. पण तुम्ही मुळात निम्मे फेअरवे साधणारे असाल तर पाच ते नऊ हा चढ-उतार नुसत्या योगायोगाने होतो. नाणं चौदा वेळा उडवून बघा, तिथेही हेच होईल. बंकरचं तर आणखी अवघड. राउंडमध्ये दोनच वेळा बंकरमध्ये गेलात आणि एकदा वाचलात, तर अ‍ॅप ५० टक्के लिहितं. दोन शॉटवरून काढलेल्या टक्केवारीत काही नाही.

म्हणून राउंडनंतर दुरुस्ती करा, आणि निष्कर्ष काढायला दहा राउंड जमू द्या. मग फिल्टर लावा. शेवटचे दहा आणि त्याआधीचे दहा शेजारी ठेवा. आपल्याकडे ऋतूचा फिल्टर तर हवाच. जुलैत ओल्या फेअरवेवर बॉल पडतो तिथेच रुततो, एप्रिलमध्ये तोच बॉल वीस यार्ड घरंगळतो. जुलैचा ड्राइव्ह एप्रिलशी ताडून "ताकद कमी झाली" म्हणणं चूक. ड्राइव्हची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी करा. जागेचाही थोडा फरक पडतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. हवा विरळ असल्याने चेंबूरच्या मानाने बॉल इथे ढोबळमानाने दोन टक्के लांब जातो. दीडशे यार्डांना तीन यार्ड. फार नाही, पण पाण्यापलीकडे ग्रीन असेल तेव्हा लक्षात ठेवण्याइतकं आहे.

स्पर्धा आणि हँडिकॅप

२०१९ पासूनच्या नियमांत अंतर मोजायचं साधन वापरायला परवानगी आहे, आयोजकांनी स्थानिक नियमाने मनाई केली नसेल तर. पण चढ-उतार धरून 'खेळायचं अंतर' सांगणारी सोय स्पर्धेत बंद ठेवावी लागते. तुमचा बॉल कुठे आहे ते बघून कोणता क्लब घ्या, कुठे मारा, असं सुचवणारी सोयही बंद. नव्या खेळाडूंना हे माहीत नसतं आणि नकळत दंड लागतो. स्पर्धेच्या आदल्या रात्री सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बंद करा. राउंड संपल्यावर आकडे बघायला अर्थातच काही आडकाठी नाही. काही क्लबांचे फोनबाबत स्वतःचे नियम असतात, ते कार्यालयात विचारून घ्या.

अ‍ॅप दाखवतं ते हँडिकॅप तुमचं अधिकृत हँडिकॅप असेलच असं नाही. अधिकृत हँडिकॅप क्लबमार्फत मिळतं. जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० स्कोअरपैकी सर्वोत्तम ८ ची सरासरी धरतात. म्हणजे हँडिकॅप तुमचा चांगला दिवस सांगतं, नेहमीचा नाही. "मी हँडिकॅपइतकं कधीच खेळत नाही" म्हणून अनेक जण खट्टू होतात. बहुतेक राउंड त्याहून वाईटच जाणार, पद्धतच तशी आहे.

आकड्यांपासून सरावापर्यंत

दहा राउंडनंतर एकच वाक्य लिहा. माझं होतं: "१२० ते १५० यार्डांवरून बॉल अलीकडे पडतो." 'अ‍ॅप्रोच सुधारायचा' असं मोघम लिहू नका. अंतर आणि चुकीची दिशा दोन्ही त्या वाक्यात हवं. मग पुढचे चार आठवडे रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) पन्नास बॉलांपैकी तीस त्या एका वाक्याला द्या. मी सहा आणि सात नंबर घेऊन रेंजवरच्या १२० च्या फलकापलीकडे बॉल उतरवायचा, एवढंच करत होते. अलीकडे पडला तर तो मोजायचा नाही. कोर्सवर नियम एकच: शंका आली तर एक क्लब मोठा, आणि नजर ग्रीनच्या मागच्या कडेवर.

या चार आठवड्यांत अ‍ॅपमध्ये फक्त तो ठिपक्यांचा घोस बघायचा. स्कोअर बघायचा नाही, तो इतक्या लवकर हलत नाही. माझा घोस तिसऱ्या राउंडपासून वर सरकू लागला. काही ठिपके ग्रीनच्या पलीकडेही गेले. ते पाहून मला फार आनंद झाला, कारण त्याआधीच्या सगळ्या राउंडमध्ये मिळून पलीकडे पडलेले ठिपके बोटांवर मोजण्याइतके होते.